नासलेला पारा

सॉरेल घळ, कोलोराडो
३० ऑगस्ट १८६३

मोठे भावजी ओबेद यांना केझायाचा नमस्कार.

बातमी वाईट आहे. ती आधीच लिहिते. तुमचे भाऊ जोथम गेले. मागच्या मंगळवारी खालच्या वाटेवर, ओढा दोन कड्यांमधून जातो तिथे, कोणीतरी त्यांना गोळ्या घातल्या. घळीतल्या सगळ्यांचं या हंगामाचं सोनं त्यांच्या ताब्यात होतं. डेप्युटी मार्शल म्हणून ते डेन्व्हरला पोचवायचं काम त्यांचं होतं. तिथून ते पूर्वेला सरकारी टांकसाळीत जायचं होतं. घोडा गेला, खोगिराच्या पिशव्याही गेल्या. दोन्हींचा पत्ता नाही. डोंगरात दक्षिणेच्या बंडखोरांची टोळी आहे आणि उत्तरेशी चाललेल्या लढाईत दक्षिणेला तोफांसाठी सोनं हवं आहे, हे इथे सगळ्यांना ठाऊक आहे.

त्यांना वरच्या अंगाला पाइनच्या झाडांखाली पुरलं. माणसं आली होती, पण बऱ्याच जणांनी टोप्या काढल्या नाहीत. मी दक्षिणेतल्या जॉर्जियाची आहे आणि माझा भाऊ तिकडच्या फौजेत आहे. त्यामुळे लोक मनात काय धरून आले होते ते मला समजलं.

आणखी एक गोष्ट आहे. ती इथे कोणाला सांगता येत नाही, म्हणून तुम्हाला लिहिते. इथे प्रत्येक घरी पारा असतो. सोनं असलेल्या वाळूत तो घातला की तो सोनं गिळतो. पण त्याला चरबी लागली तर तो नासतो. करडा होतो, दुधासारखा फुटतो, मग सोन्याला शिवत नाही. जाण्याच्या आदल्या दिवशी जोथम चारचौघांसमोर म्हणाले, "माझ्या बायकोनं पाऱ्यात डुकराची चरबी सांडली. अख्खं मडकं नासलं."

मी म्हटलं, "मी नाही सांडली."

"मग काय अस्वल येऊन सांडून गेलं?"

सगळे हसले. मी खरोखर सांडली नव्हती, भावजी. मी आवाज चढवून तसं म्हणाले, तेव्हा ते आणखी हसले. जोथम कधी खोटं बोलले नाहीत, आणि बोलले ते माझ्याबद्दल. सकाळी ते निघाले तेव्हा मी चुलीकडे तोंड करून उभी होते. ते एवढंच म्हणाले, "केझी, मडक्याला हात लावू नकोस. मी आलो की बघतो." मी वळले नाही.

आईंना सांभाळून सांगा.

केझाया वेल्स


बेंटन परगणा, आयोवा
२० सप्टेंबर १८६३

केझाया,

पत्र मिळालं. आईला सांगितलं. ती रडली नाही. शेतावर वडिलांच्या शेजारी जोथमच्या नावाचा दगड बसवा, एवढंच म्हणाली. पाथरवटाला मी थांबायला सांगितलं आहे, आणि त्याचं कारण तुला कळलं पाहिजे.

डेन्व्हरचा पेपर इथपर्यंत येतो. त्यात लिहिलं आहे की तुमच्या घळीतलं सोनं लुटलं गेलं नाही, दिलं गेलं. 'दक्षिणेकडची बायको असलेला डेप्युटी' असे शब्द आहेत. रविवारी चर्चच्या पायरीवर मला पाहून माणसं बोलायची थांबली.

माझा पोरगा लायमन उत्तरेच्या फौजेत, इलिनॉयच्या पलटणीबरोबर आहे. त्याला अजून नीट मिशीही फुटलेली नाही. तुमच्या घळीतलं सोनं तिकडे गेलं असेल तर त्याची काडतुसं होतील, आणि ती काडतुसं कोणावर उडतील हे मी तुला सांगायला नको.

मी आडवळणानं बोलणारा माणूस नाही. जोथमनं ते सोनं दिलं का? तुझ्या माणसांसाठी दिलं का? वडिलांनी आयुष्यभर कोणाचं काही ठेवलं नाही. त्यांच्या शेजारी चोराचं नाव मी कोरू देणार नाही. तुला जे माहीत असेल ते लिही.

ओबेद वेल्स


सॉरेल घळ
१४ ऑक्टोबर १८६३

मोठ्या भावजींना नमस्कार.

तुम्ही विचारलंत ते मीही रोज विचारते. मला माहीत नाही, हेच खरं उत्तर. घराची झडती झाली तेव्हा मी बायबलवर हात ठेवून तेच सांगितलं. जमीन उकरली, गाद्या फाडल्या, चुलीची वीट न् वीट काढली. मडकं आमच्या मागच्या छपरात उघडंच असतं. एकानं त्यात डोकावलं आणि दुसऱ्याला म्हणाला, "हा तो चरबीवाला पारा." मला अजून ऐकावं लागतं. ओढ्यावर गेले की कोणीतरी विचारतं, "वहिनी, आज पाऱ्यात काय तळलंत?"

रागावून नव्हे, पण लिहिते. ते असं करणार नाहीत हे मनाला वाटतं. पण ते शेवटच्या दिवशी खोटं बोलले होते. जो माणूस चरबीबद्दल खोटं बोलतो तो आणखी कशाबद्दल बोलला असेल, असं मनात येतं, आणि मग त्यांच्या कबरीकडे जाववत नाही.

माणुसकी दाखवली ती एका फिनियस रॅडनी. ते मार्शलच्या कचेरीतले दुसरे डेप्युटी, जोथमच्या जोडीचे. दर पंधरवड्याला पिठाची पिशवी घेऊन येतात. परवा कॉफी पिताना म्हणाले, "वहिनी, आठवून बघा. जोथम काहीतरी बोलला असेल. घोड्यावरच्या पिशव्यांत तर नुसती ओढ्याची वाळू होती. मग सोनं त्यानं ठेवलं कुठं? मला सांगा, मी त्याचं नाव स्वच्छ करून देतो."

मी म्हटलं, "मला बोलले असते तर मी सांगितलं नसतं का?"

ते हसले. "तुम्हाला खोटं बोलता येत नाही हे अख्ख्या घळीला माहीत आहे." जाताना सरपणही फोडून दिलं. निदान एक माणूस तरी जोथमचं नाव स्वच्छ करू बघतो, एवढ्यावर माझे दिवस जातात.

हिवाळा तोंडावर आहे. तो नासलेला पारा राखेच्या पाण्यानं धुऊन स्वच्छ करता येतो का बघणार आहे. स्वच्छ झाला तर विकता येईल. हात लावू नकोस म्हणाले होते, पण ते येऊन बघणार नाहीत आता.

केझाया


बेंटन परगणा
४ नोव्हेंबर १८६३

केझाया,

हे पत्र मिळताच दाराला अडसर घाल आणि मग पुढचं वाच.

तुझं पत्र मी आईला वाचून दाखवत होतो. ती डोळे मिटून ऐकत होती. मध्येच म्हणाली, "परत वाच. वाळूचं." मी परत वाचलं. तेव्हा माझ्या लक्षात आलं.

तू पहिल्या पत्रात लिहिलंस की घोडा आणि पिशव्या सापडल्याच नाहीत. मग पिशव्यांत वाळू होती हे रॅडला कोणी सांगितलं? त्या पिशव्या उघडून बघणारा एकच असू शकतो. ज्यानं त्या घेतल्या तो, किंवा त्याच्याबरोबरचा.

आणि जोथम वाळू घेऊन का निघाला, याचं उत्तर मला रात्रभर शोधावं लागलं नाही. कचेरीतून कोणीतरी बातमी फोडतो आहे असा त्याला संशय असणार. म्हणून वाट एकालाच सांगितली आणि आमिष घेऊन गेला. लहानपणी कोंबड्या पळवणाऱ्या कोल्ह्यासाठीही तो असाच बसायचा, घरात कोणाला न सांगता.

सोनं त्या डोंगरात अजून आहे. तुझ्याजवळच कुठेतरी आहे. रॅडला काहीही सांगू नकोस. त्याला काही माहीत नसल्यासारखी वाग. घळीत विश्वासाचा माणूस असेल त्याच्याकडे जा.

मी तुला जे लिहिलं होतं त्याबद्दल इथे काही लिहीत नाही. ते समोर बसून बोलायचं आहे.

ओबेद


सॉरेल घळ
८ नोव्हेंबर १८६३

मोठ्या भावजींना नमस्कार.

तुमच्याकडून उत्तर नाही. बर्फामुळे टपाल अडलं असेल. पण हे लिहिल्याशिवाय राहवत नाही.

आज दुपारी मी त्यातला थोडा पारा धुवायला घेतला. राखेच्या पाण्यात घोळला, तरी करडाच. मग हरणाच्या कातड्यात घेऊन पिळला. इथे सगळे पिळतात तसा. नासलेला पारा कातड्यातून चिखलासारखा गळतो. हा तसा गळला नाही. स्वच्छ, चकचकीत थेंब खाली पडले आणि कातड्यात कणकेसारखा घट्ट गोळा राहिला. दाबला की करकरणारा. इथे राहून एवढं मला कळतं. पाऱ्याच्या पोटात काहीतरी आहे, म्हणून तो घट्ट झाला आहे. तो नासलेला नव्हताच. चरबीचा थेंबही त्यात नव्हता.

मी एक बटाटा अर्धा कापला, पोखरला, त्यात थोडा गोळा ठेवला, दुसरी फोड वर लावून तारेनं बांधला. अंगणात निखाऱ्यात पुरला आणि वारा येत होता त्या बाजूला उभी राहिले. पाऱ्याची वाफ जीव घेते. ती सगळी बटाटा शोषून घेतो. आग विझून बटाटा गार झाल्यावर मी तो उघडला.

आत सोनं होतं. बटाट्याच्या पांढऱ्या गरात बसलेलं, पावट्याएवढं, खडबडीत, पिवळं. काही तासांपूर्वी ते राखेच्या रंगाचं होतं. चार वर्षं मी सोनं बघते आहे, पण असं कधी पाहिलं नव्हतं. मी गुडघ्यांवर बसले होते ती उठून उभी राहिले, चर्चमध्ये राहतात तशी. वर डोंगर सगळे पांढरे होते आणि कुठेही आवाज नव्हता.

बाकीचं मडकं तसंच आहे, भावजी. काठोकाठ. घळीतल्या प्रत्येकाची उन्हाळाभराची मेहनत आमच्या छपरात उघड्यावर होती आणि लोक त्यावरून हसत जात होते. जोथमनी हे सोनं पाऱ्याला गिळायला घातलं आणि मग चारचौघांत मला चरबी सांडणारी ठरवलं, म्हणजे कोणी मडक्याला हात लावू नये. मला सांगितलं नाही, कारण बायबलवर हात ठेवल्यावर मला खोटं बोलता येत नाही हे त्यांना माहीत होतं. मी "नाही सांडली" म्हणून ओरडले तेव्हाच सगळ्यांचा विश्वास बसला की सांडलीच असणार.

मी मात्र चुलीकडे तोंड करून उभी राहिले.

रविवारी रॅड येणार आहेत. त्यांना सगळं दाखवीन. ते म्हणाले आहेत जोथमचं नाव स्वच्छ करून देतो.

केझाया


सॉरेल घळ
६ डिसेंबर १८६३

मोठ्या भावजींना आणि आईंना नमस्कार.

तुमचं पत्र वेळेत आलं. कसं ते लिहिते.

आठवडाभर बर्फ पडला. घाट बंद झाला. घोडे पोटापर्यंत रुतत होते. रविवारी रॅड आले नाहीत. सोमवारी वरच्या उतारावर एक काळा ठिपका दिसला. तो घसरत, वळणं घेत खाली येत होता. तो हालवोर होता. नॉर्वेचा आहे. पायांना लांब लाकडी पट्ट्या बांधून, एक काठी धरून बर्फावरून टपाल आणतो. दारात येऊन दाढीवरचा बर्फ झटकत म्हणाला, "वहिनी, आयोवाहून पत्र आहे. आणि रॅडसाहेब खाली ठाण्यात अडकलेत. निरोप दिलाय, वाट मोकळी झाली की पहिल्यांदा तुमच्याकडेच येतो म्हणून."

तुम्ही सांगितलंत तसा अडसर घातला आणि पत्र वाचलं. मी त्या माणसाला माझी कॉफी पाजत होते.

मग मी टुलीबाबांकडे गेले. ते घळीच्या सभेचे पंच आहेत. टोपी न काढणाऱ्यांत ते पहिले होते. त्यांनी पत्र ऐकलं, मग छपरात येऊन मडक्यात बोट घातलं, अंगठ्यावर चोळून पाहिलं, आणि खाली बसले.

"मी रोज इथून गेलो," ते म्हणाले. "एकदा त्यात थुंकलोसुद्धा." थोड्या वेळानं म्हणाले, "काय माणूस होता!" मला वाटलं होतं ते सोन्याबद्दल बोलतील.

बोलावणं सगळ्यांना गुपचूप गेलं. घाट उघडला त्या रविवारी, भर दुपारी, लोहाराच्या भात्यासमोर सगळी घळ जमली. मध्ये मोठी शेकोटी होती. रॅड घोड्यावरून उतरले आणि हसून म्हणाले, "जेवणाचा बेत दिसतोय."

"बटाटे आहेत," टुलीबाबा म्हणाले. "बसा. तुम्हालाच विचारायचं होतं. जोथमच्या पिशव्यांत काय होतं म्हणालात वहिनींना?"

"वाळू. सगळ्यांना माहीत आहे ते."

"आम्हाला नव्हतं माहीत."

रॅडनी एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. मग माझ्याकडे वळले. आवाज बदलला होता. "वहिनी, या घळीत पहिलं फावडं जॉर्जियाच्या माणसांनी मारलं. हे सोनं दक्षिणेचंही आहे. तुम्ही आमच्यातल्या. तुम्ही तरी समजून घ्याल."

मी म्हटलं, "त्यांनी वाट फक्त तुम्हाला सांगितली होती ना?"

त्यांनी खोगिराकडे हात नेला. त्यांची बंदूक हालवोरनं आधीच खोगिरावरून काढून घेतली होती. काही जण दोर आणायला निघाले. मी टुलीबाबांना म्हटलं, "जोथम कायद्याचे माणूस होते. त्यांच्या नावानं झाडाला माणूस लटकवू नका." रॅडना बांधून सरकारी किल्ल्यावरच्या सैनिकांकडे पाठवलं. पुढचं न्यायाधीश बघतील.

मग बटाटे निखाऱ्यांत घातले. प्रत्येकानं आपापल्या घरून आणले होते. सगळे वारा येत होता त्या बाजूला उभे राहिले. कोणी तंबाखू ओढली नाही, कोणी थट्टा केली नाही. टुलीबाबा एकेक बटाटा उघडत गेले, आणि प्रत्येकात ते पिवळं होतं. इथली माणसं सोन्याला सरावलेली आहेत, भावजी. तरी एका उंच आयरिश माणसानं टोपी काढली. मग शेजारच्यानं. मग सगळ्यांनी. ऑगस्टमध्ये काढायच्या होत्या त्या टोप्या.

टुलीबाबांनी मला विचारलं, "वहिनी, तुम्हाला काय हवं? प्रत्येक जण आपल्या वाट्यातली चिमूट देईल."

मी म्हटलं, "चिमूट नको. पण मी चरबी सांडली नव्हती."

आधी कोणाला कळलं नाही. मग टुलीबाबा दगडावर चढले आणि सभेत ठराव मांडतात त्या आवाजात म्हणाले, "सॉरेल घळीच्या सभेचा ठराव असा की मिसेस केझाया वेल्स यांनी पाऱ्यात कधीही, कसलीही चरबी सांडलेली नाही. यापुढे जो कोणी तसं म्हणेल त्याला ओढ्यात बुचकळण्यात येईल, बर्फ असला तरी. हात वर करा."

सगळे हात वर झाले. कोणीतरी ओरडलं, "अस्वलाचं काय?" टुलीबाबा म्हणाले, "अस्वलही निर्दोष." सगळे हसले. मी त्या दिवशी पहिल्यांदा रडले.

नंतर एकटीच वर पाइनच्या झाडांकडे गेले. तोंड त्यांच्याकडे करून बराच वेळ उभी राहिले.

केझाया


बेंटन परगणा
३ जानेवारी १८६४

प्रिय केझाया,

दगड बसवला. जमीन गोठली होती, पाथरवट वसंतापर्यंत थांबा म्हणत होता. मी जमिनीवर जाळ करून खड्डा मोकळा केला. वडिलांच्या शेजारी आहे. नाव आणि सालं, आणि खाली 'त्यानं राखलं' एवढंच. आईचे शब्द आहेत. तुझ्या घळीचा ठराव मी तिला वाचून दाखवला. अस्वलापाशी ती हसली. बऱ्याच दिवसांत हसली नव्हती.

का, ते आता लिहितो. गेल्या पत्रात मी लायमनबद्दल काही लिहिलं नाही. तुला समजलं असेल किंवा नसेल. तो गेला. जॉर्जियात, चिकमॉगा नावाच्या ओढ्याकाठी. तारीख वीस सप्टेंबर. मी तुला ते पत्र लिहीत होतो, 'तुझ्या माणसांसाठी दिलं का' असं विचारत होतो, तो तोच दिवस होता. त्यानंतर मला तुझ्याशी त्याचं नाव काढणं जमलं नाही.

तो तिथेच कुठेतरी पुरलेला आहे. त्याच्या मित्रानं लिहिलं की फळीवर नाव कोरलं होतं, पण आपल्या फौजेनं माघार घेतल्यावर ती जागा हाती राहिली नाही. इथून तिकडे टपाल जात नाही. मला तिथलं कोणीही माहीत नाही.

तुझी माणसं त्या भागात आहेत, असं जोथम कधीतरी बोलल्याचं आठवतं. मी विचारू नये हे मला कळतं.

ओबेद


सॉरेल घळ
२४ जानेवारी १८६४

प्रिय मोठे भावजी,

लायमनचं वाचून काय लिहावं ते मला सुचत नाही. लग्नात त्यानं माझ्या घोड्याच्या मानेला रिबीन बांधली होती. ती मी ठेवली आहे.

माझ्या आईचं घर त्या ओढ्यापासून अर्ध्या दिवसाच्या वाटेवर आहे. लढाई कधी थांबेल आणि टपाल कधी सुरू होईल ते मला माहीत नाही. पण मी पत्र आजच लिहून ठेवलं आहे. वाट मोकळी झाली की हालवोर पहिल्यांदा तेच नेईल. आईला लिहिलं आहे की ओढ्याकाठी उत्तरेकडच्या मुलांच्या फळ्या असतील, एकेक वाचत जा. लायमन वेल्स असं नाव सापडलं की फळी काढून दगड लाव. तोवर कोणी विचारलं तर सांग, हा आपला आहे.

मडकं मी घासून ठेवलं आहे. त्याच्या तळाशी एक करडी रेघ राहिली होती. ती मी तशीच ठेवली.

तुमची,
केझाया